सूर्य इंदूरचा, चंद्र ग्वाल्हेरचा



आपल्या शाळेच्या दिनदर्शिकेत १० ऑक्टोबर २०२५ या दिवशीची चंद्रोदयाची वेळ चुकली होती. त्या दिवशी आपल्या घरी संकष्टी होती आणि शेजारच्या हिंदी भाषिक घरांत करवा चौथ. चतुर्थी एकच, उपवास दोन. दुसऱ्या दिवशी सकाळी आठवीतील एका मुलीची आजी काखेत पंचांग आणि हातात आपली दिनदर्शिका घेऊन कार्यालयात आली. "सर, तुमचा चंद्र अठरा मिनिटं आधीच उगवतो. मी पंचांग बघते, माझं काही अडलं नाही. पण आमच्या शेजारणीला मी तुमच्या कॅलेंडरवरून वेळ सांगितली. तिनं सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. बिचारी चाळण घेऊन गच्चीवर उभी."

आम्ही आजींची क्षमा मागितली. शेजारणींच्या घरीही जाऊन आलो. त्यांनी चहा पाजला आणि हसून विषय संपवला. आम्हाला मात्र ते हसून सोडता येईना, कारण दिनदर्शिकेवर 'वेळा आमच्या विद्यार्थ्यांनी स्वतः गणित करून काढल्या आहेत' असे आम्हीच मोठ्या अभिमानाने छापले होते.

ही चूक कशी झाली ते या लेखात सांगायचे आहे. कारण सापडायला तीन दिवस लागले. ते गणितात नव्हते, टंकलेखनात नव्हते आणि छापखान्यातही नव्हते. संगणकाच्या प्रयोगशाळेत 'मेक' नावाचे एक अवजार आहे, त्याला आम्ही अर्धवट सूचना दिल्या होत्या. हे अवजार काय करते आणि फोरट्रान भाषेसाठी त्याची मांडणी कशी करायची, हे अकरावी-बारावीच्या मुलांनी नीट समजून घ्यावे. इतरांनी निदान गोष्ट म्हणून वाचावे.

आधी आमच्याविषयी. आम्ही बी.एस्सी. केले ते हिंदी माध्यमातून. मराठी घरची आणि गल्लीतली. संगणक आम्ही चाळिशी ओलांडल्यावर शिकलो, तोही विद्यार्थ्यांकडून. तेव्हा भाषेत कुठे हिंदीचा वास आला किंवा एखादा शब्द ओबडधोबड वाटला तर सांभाळून घ्यावे. तांत्रिक भाग मुलांकडून दोनदा तपासून घेतला आहे.

कागदांचा गठ्ठा

आपल्या शाळेत पूर्वी गणिताचे एक शिक्षक होते. आता ते हयात नाहीत. तरुणपणी ते ग्वाल्हेरला होते आणि तेथील एका महाविद्यालयाच्या संगणकावर त्यांनी सूर्योदय, सूर्यास्त आणि चंद्रोदय काढणारा एक प्रोग्राम लिहिला होता. त्याचे छापील कागद, म्हणजे दोन्ही कडांना भोके असलेले ते लांबलचक पट्टेरी कागद, त्यांच्या घरच्यांनी २०२५ च्या एप्रिलमध्ये शाळेला आणून दिले. भाषा फोरट्रान. सुमारे अकराशे ओळी.

फोरट्रान म्हणजे 'फॉर्म्युला ट्रान्सलेशन'चा संक्षेप. जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम कंपनीत ही भाषा तयार केली आणि १९५७ मध्ये ती आयबीएम ७०४ या यंत्रासाठी लोकांच्या हाती आली. त्याआधी यंत्राला कळेल अशा आकड्यांत किंवा त्याच्या जवळपासच्या सांकेतिक भाषेत लिहावे लागे. फोरट्रानमुळे बीजगणिताचे सूत्र जवळजवळ जसेच्या तसे लिहिता येऊ लागले. भारतात १९६३ साली कानपूरच्या आयआयटीत आयबीएम १६२० हे यंत्र आले आणि तेथे अभियंत्यांच्या पिढ्या फोरट्रान शिकल्या. प्रा. व्ही. राजारामन यांची पुस्तके आमच्या वयाच्या अनेक पालकांनी वापरली असतील.

एका विश्वस्तांनी बैठकीत विचारले होते, "सर, ही तर आमच्या काळातली भाषा. मुलांना पायथन शिकवायचे सोडून हे काय?" प्रश्न रास्त होता. पायथन आपण शिकवतोच. पण पायथनमध्ये समीकरणांचे गठ्ठे सोडवायला सांगितले की खाली काम करते ती बहुधा लॅपॅक नावाच्या ग्रंथालयाची पद्धत. ते ग्रंथालय १९९२ मध्ये फोरट्रानमध्येच लिहून प्रसिद्ध झाले. हवामानाची मोठी संगणकीय प्रारूपे आजही मुख्यतः फोरट्रानमध्ये आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत मान्सूनचा अंदाज काढायला जी प्रारूपे चालतात त्यांतही ही भाषा आहे. शिवाय तो गठ्ठा आपल्या शाळेच्या माणसाचा होता. कपाटात वाळवीला द्यायचा नव्हता.

टंकलेखन आणि बहात्तरावा रकाना

उन्हाळ्याच्या सुटीत अकरावीच्या चार मुलांनी तो प्रोग्राम टाइप केला. जुन्या फोरट्रानची एक खोड इथे सांगितली पाहिजे. तेव्हा प्रोग्राम भोके पाडलेल्या पत्त्यांवर लिहीत. एका पत्त्यावर ८० रकाने. पहिल्या पाच रकान्यांत ओळीचा क्रमांक, सहाव्यात 'मागील ओळ पुढे चालू' ही खूण, सातपासून बहात्तरपर्यंत खरे विधान, आणि शेवटचे आठ रकाने पत्त्यांच्या अनुक्रमासाठी. आजचा संकलक, म्हणजे कंपायलर, फाइलच्या नावाचा शेवट '.एफ' दिसला की हीच जुनी पद्धत धरून चालतो. शेवट '.एफ९०' असेल तर रकान्यांचे बंधन सुटते. (फाइलींची नावे यंत्रावर रोमन अक्षरांत आहेत. इथे छापताना देवनागरीत देत आहोत.)

एका मुलाने चंद्राच्या सूत्रातील लांब ओळ टाइप करताना ती बहात्तराच्या पुढे गेली. संकलकाने पुढचे सोडून दिले आणि एका स्थिरांकाचे शेवटचे दोन अंक गळाले. चूक म्हणून काहीही सांगितले नाही. इशारे दाखवण्याची '-वॉल' ही खूण आज्ञेत घातल्यावर मात्र ओळ कापली गेल्याचा इशारा पडद्यावर आला.

दुसरी खोड म्हणजे न सांगितलेली चलपदे. फोरट्रानमध्ये चलपद आधी जाहीर केले नाही तर संकलक स्वतःच ठरवतो: नावाचे पहिले अक्षर आय ते एन यांपैकी असेल तर पूर्णांक, नाही तर दशांश. त्यामुळे नाव टाइप करताना एक अक्षर चुकले तरी नवे चलपद जन्माला येते आणि काम पुढे चालते. प्रत्येक भागाच्या आरंभी 'इम्प्लिसिट नन' लिहिले की ही सवलत बंद होते. मुलांनी ते लिहिल्याबरोबर सात चुका बाहेर पडल्या.

मग त्यांनी एका लांब फाइलचे सहा तुकडे केले: स्थान, कोन, सूर्य, चंद्र, छपाई आणि मुख्य. 'स्थान' या तुकड्यात गावाचे अक्षांश-रेखांश. 'कोन'मध्ये अंशांचे हिशेब. सूर्य आणि चंद्र या दोघांना स्थान व कोन लागतात. छपाईला सूर्य आणि चंद्र लागतात. असे तुकडे करण्यासाठी १९९० च्या फोरट्रानपासून 'मॉड्यूल' नावाची सोय आहे. एका मॉड्यूलमध्ये ठेवलेली वस्तू दुसरीकडे 'यूज' असे लिहून वापरता येते.

मेक कशासाठी?

फोरट्रानची फाइल थेट चालत नाही. संकलक तिचे यंत्रभाषेत रूपांतर करून '.ओ' शेवटाची ऑब्जेक्ट फाइल बनवतो. सहा तुकड्यांच्या सहा ऑब्जेक्ट फाइली. मग त्या सगळ्या एकत्र जोडून चालणारा प्रोग्राम तयार होतो. शिवाय ज्या फाइलीत मॉड्यूल आहे तिच्यापासून '.मॉड' शेवटाची आणखी एक फाइल तयार होते. तिच्यात त्या मॉड्यूलमध्ये काय काय आहे याची नोंद असते. 'यूज स्थान' असे दिसले की संकलक स्थानची '.मॉड' फाइल उघडून वाचतो. ती अजून तयारच नसेल तर काम थांबते. म्हणजे फोरट्रानमध्ये संकलनाचा क्रम पाळावाच लागतो: स्थान आणि कोन आधी, चंद्र नंतर. सी भाषेत तुकडे कोणत्याही क्रमाने संकलित केले तरी चालतात. फोरट्रानमध्ये चालत नाहीत. त्यामुळेच फोरट्रानची मांडणी जरा जास्त लक्ष देऊन करावी लागते.

दरवेळी सहाही फाइली पुन्हा संकलित केल्या तर काय बिघडते? आपल्या छोट्या प्रोग्रामला काहीच नाही, दोन सेकंदांचे काम. पण हवामानाच्या प्रारूपात हजारो फाइली असतात. एका फाइलीत बदल केला म्हणून सगळे पुन्हा करायचे तर बराच वेळ मोडतो. घरातले उदाहरण घ्या. पुरणपोळीसाठी डाळ शिजवली, गूळ घालून पुरण वाटले, वेगळी कणीक मळली. गूळ खारट निघाला तर पुरण पुन्हा करावे लागेल, कणीक नाही. मैदा खराब निघाला तर कणीक पुन्हा, पुरण नाही. कशावर काय अवलंबून आहे हे गृहिणीला डोक्यात पक्के ठाऊक असते. यंत्राला ते लिहून द्यावे लागते.

लिहून द्यायची ती फाइल म्हणजे मेकफाइल आणि ती वाचून काम करणारे अवजार म्हणजे मेक. बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते १९७६ मध्ये लिहिले. त्यामागची हकिगत आम्हाला फार आवडली. त्यांच्या एका सहकाऱ्याने प्रोग्राममधील चूक शोधण्यात अख्खी सकाळ घालवली. चूक त्याने आधीच दुरुस्त केलेली होती, पण दुरुस्त केलेली फाइल पुन्हा संकलित व्हायची राहिली होती. जुनाच तुकडा जोडला जात होता. असेच फेल्डमन यांचेही झाले होते, आणि त्यातून मेक निघाले. पुढे याच फेल्डमन यांनी युनिक्ससाठी फोरट्रान ७७ चा संकलकही लिहिला. मेकसाठी त्यांना एसीएम या संस्थेचा २००३ सालचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

मेकफाइलीतला एक नियम असा दिसतो:

चंद्र.ओ : चंद्र.एफ९० स्थान.ओ कोन.ओ
    जीफोरट्रान -सी चंद्र.एफ९०

पहिल्या ओळीत विसर्गाच्या, म्हणजे कोलनच्या, डावीकडे काय बनवायचे ते आणि उजवीकडे ते कशावर अवलंबून आहे ते. दुसऱ्या ओळीत बनवण्याची आज्ञा. 'जीफोरट्रान' हा मोफत मिळणारा संकलक आणि '-सी' म्हणजे फक्त संकलन कर, जोडू नको. मेक फाइलींच्या घड्याळाकडे पाहते. उजवीकडची एखादी फाइल डावीकडच्या फाइलीपेक्षा नवी असेल तरच आज्ञा चालवते. याखेरीज मेकला फोरट्रान कळत नाही, चंद्र कळत नाही, काहीही कळत नाही. फक्त कोणाची वेळ पुढची, एवढेच.

दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला जी मोकळी जागा आहे ती टॅबच्या कळीनेच सोडावी लागते. स्पेसची कळ दाबून सोडलेली चालत नाही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसते. पहिल्या दिवशी यातच दीड तास गेला. फेल्डमन यांना हा दोष लवकरच लक्षात आला होता असे सांगतात. पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते, त्यांची गैरसोय नको म्हणून बदल केला नाही. त्या डझनभरांच्या सोयीची किंमत जग अजून मोजत आहे आणि त्यात आमचा दीड तासही आहे.

एम२सी कोण?

सहा फाइलींसाठी सहा नियम लिहायचा मुलांना कंटाळा आला. मेकला काही नियम अंगचेच येतात, असे एकाने वाचले होते. तेव्हा त्याने फक्त ऑब्जेक्ट फाइलींची नावे आणि जोडणीची आज्ञा दिली. '.एफ९०'पासून '.ओ' कसे करायचे ते मेकला माहीत असेल असे धरले. आदल्या दिवशी हाताने संकलन केलेले होते, त्या '.ओ' फाइली त्याने पुसल्या. '.मॉड' फाइली तशाच राहिल्या. मेक चालवले तर पडद्यावर आले की 'एम२सी' नावाची आज्ञा सापडत नाही. एम२सी हे नाव आम्ही कोणीच टाइप केले नव्हते!

शोधल्यावर उलगडा झाला. आपण वापरतो त्या ग्नू मेकला '.एफ' शेवटाची जुनी फोरट्रान फाइल अंगची ठाऊक आहे, '.एफ९०' ठाऊक नाही. मात्र '.मॉड' शेवट त्याला ठाऊक आहे, आणि तो मॉड्यूला-२ नावाच्या वेगळ्याच भाषेचा! स्थानची '.ओ' कशी करावी हे पाहताना त्याला स्थानची '.मॉड' दिसली. ही मॉड्यूला-२ ची मूळ फाइल आहे असे समजून त्याने त्या भाषेच्या संकलकाला, म्हणजे एम२सीला, हाक मारली. उपाय सोपा आहे. फोरट्रानचा सामान्य नियम आपणच लिहायचा:

%.ओ : %.एफ९०
    $(एफसी) $(एफफ्लॅग्ज) -सी $< -ओ $@

टक्क्याची खूण म्हणजे 'कोणतेही नाव'. '$<' म्हणजे उजवीकडची पहिली फाइल, '$@' म्हणजे डावीकडची. 'एफसी' या नावाला संकलकाचे नाव द्यायचे. न दिल्यास ग्नू मेक 'एफ७७' असे धरते, आणि त्या नावाचा संकलक आजच्या यंत्रावर असेलच असे नाही. 'एफफ्लॅग्ज'मध्ये संकलकाच्या खुणा. आम्ही तपासणीच्या काळात इशाऱ्यांसाठी '-वॉल', चूक कुठल्या ओळीवर ते कळावे म्हणून '-जी' आणि यादीच्या हद्दीबाहेर हात घातला तर प्रोग्राम थांबावा म्हणून '-एफचेक=ऑल' एवढ्या ठेवतो. छपाईच्या वेळी वेग हवा असेल तर '-ओ२'. त्याच्या जोडीला मेकचा '.मॉड'विषयीचा अंगचा नियम रद्द करून टाकावा, म्हणजे पुन्हा घोळ नाही.

आता चूक

सामान्य नियम लिहिल्यावर मुलांनी वेगवेगळे सहा नियम काढून टाकले. त्यांच्याबरोबर 'चंद्र.ओ हे स्थान.ओ वर अवलंबून आहे' ही माहितीही निघून गेली. सामान्य नियमात फक्त एवढेच आहे की चंद्र.ओ हे चंद्र.एफ९० पासून होते. यादीत नावांचा क्रम बरोबर असल्याने पहिल्यांदा सगळे सुरळीत संकलित झाले. आम्ही पाठ थोपटली.

तोवर स्थान फाइलीत ग्वाल्हेरच होते, सरांच्या कागदावर होते तसे: अक्षांश २६.२२, रेखांश ७८.१८. ग्वाल्हेरच्या वेळा पंचांगाशी जुळल्या. मग मुलांनी स्थान उघडून इंदूर घातले: अक्षांश २२.७२, रेखांश ७५.८६. त्याच दिवशी सूर्याच्या फाइलीतही छपाईसाठी किरकोळ बदल केला. मेक चालवले. मेकने घड्याळे पाहिली. स्थान बदललेले, संकलित केले. सूर्य बदललेला, संकलित केला. चंद्राला कोणी हात लावला नव्हता, म्हणून जुनाच ठेवला. सगळे जोडून दिले. जोडणीच्या वेळी तक्रार आली नाही.

इथे हुशार विद्यार्थी विचारेल: चंद्राचा तुकडा जुना असला तरी तो स्थानकडूनच अक्षांश घेतो ना? मग नवे आकडे का मिळाले नाहीत? कारण स्थानमध्ये ते आकडे 'पॅरामीटर' म्हणून, म्हणजे न बदलणारे स्थिरांक म्हणून लिहिले होते. असा स्थिरांक संकलक वापराच्या जागी तेव्हाच कोरून टाकतो. प्रोग्राम चालताना तो स्थानकडे विचारायला जात नाही. चंद्राच्या ऑब्जेक्ट फाइलीत ग्वाल्हेर कोरलेले राहिले. प्रोग्रामचा सूर्य इंदूरला उगवत होता आणि चंद्र ग्वाल्हेरला.

तपासणी आम्ही केली नव्हती असे नाही. १६ मे २०२५ ची संकष्टी पंचांगातल्या इंदूरच्या वेळेशी ताडून पाहिली होती आणि जेमतेम एका मिनिटाचा फरक आला. तेवढा चालतो म्हणून पुढे गेलो. मग ऑक्टोबरात अठरा मिनिटे कुठून आली? भूगोलाच्या तासाला घ्यावे असे हे गणित आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. इंदूर ग्वाल्हेरच्या पश्चिमेला २.३२ अंश, म्हणजे सुमारे ९.३ मिनिटे. एवढा फरक रेखांशामुळे बारा महिने असतो. पण ग्वाल्हेर साडेतीन अंश उत्तरेलाही आहे. चंद्र आकाशात विषुववृत्ताच्या बराच उत्तरेला असेल तर उत्तरेकडच्या गावी तो आणखी लवकर उगवतो. दक्षिणेला असेल तर उशिरा. संकष्टीचा चंद्र मे महिन्यात खूप दक्षिणेला असतो. त्यामुळे रेखांशाची नऊ मिनिटे आणि अक्षांशाची नऊ मिनिटे एकमेकांना खाऊन गेली. ऑक्टोबरात तोच चंद्र उत्तरेला होता, तेव्हा दोन्ही फरक बेरजेत गेले. आम्ही तपासायला नेमका असा एक दिवस निवडला होता की ज्या दिवशी चूक दिसणारच नव्हती. बाराही संकष्ट्या ताडून पाहिल्या असत्या तर शंका यायला जागा होती.

तीन दिवस

आजी आल्या त्या दुपारी चारही मुले प्रयोगशाळेत बसली. पहिला दिवस चंद्राची सूत्रे कागदाशी ताडण्यात गेला. एकही चूक नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी हाताने, कॅल्क्युलेटरवर, त्या दिवसाचे गणित केले आणि उत्तर पंचांगाचे आले. प्रोग्रामचे का येत नाही? तिसऱ्या दिवशी एका मुलीने वैतागून सगळ्या '.ओ' आणि '.मॉड' फाइली पुसल्या आणि मेक पुन्हा चालवले. उत्तर बरोबर आले! सगळे आनंदाने ओरडले, फक्त तीच मुलगी गप्प होती. "सर, मी काहीच बदललं नाही. मग हे आधी चुकत का होतं?" प्रश्न तिने सोडला नाही म्हणून कारण सापडले. फाइली पुसून पुन्हा केल्याने आजार गेला होता, पण का झाला होता ते कळले नव्हते.

मेकफाइलीत आता सामान्य नियमाखाली चार जादा ओळी आहेत, आज्ञेशिवायच्या:

सूर्य.ओ : स्थान.ओ कोन.ओ
चंद्र.ओ : स्थान.ओ कोन.ओ
छपाई.ओ : सूर्य.ओ चंद्र.ओ
मुख्य.ओ : छपाई.ओ

आज्ञा वरच्या सामान्य नियमातून येते, अवलंबन इथून. एका मुलाचे म्हणणे होते की स्थानच्या '.मॉड' फाइलीवर अवलंबन लिहावे, कारण चंद्र खरोखर वाचतो ती तीच. तर्क बरोबर आहे. पण जीफोरट्रान '.मॉड'मधला मजकूर बदलला नसेल तर जुनी फाइल तशीच ठेवतो, तिची वेळ पुढे सरकत नाही. मेक फक्त घड्याळ पाहते, त्यामुळे त्याचा गोंधळ होऊ शकतो. '.ओ' दरवेळी नवी होते, म्हणून अवलंबन '.ओ'वर लिहिलेले बरे.

दुरुस्त वेळांची चिठ्ठी नोव्हेंबरच्या संकष्टीआधी घरोघरी दिली. ज्यांना मिळाली नसेल त्यांनी कार्यालयातून न्यावी.

दुसरी अवजारे

हे अवलंबन माणसानेच का लिहायचे, यंत्राला फाइली वाचून कळू नये का? कळते. सीमेक नावाचे अवजार फोरट्रानच्या फाइलींतले 'मॉड्यूल' आणि 'यूज' हे शब्द स्वतः शोधते आणि क्रम लावते. त्याच्या फाइलीत प्रकल्पाच्या नावाबरोबर भाषा फोरट्रान आहे एवढे सांगावे लागते, कारण न सांगितल्यास ते सी आणि सी++ धरते. मग सहा फाइलींची नावे दिली की झाले. आपली चूक सीमेकमध्ये झाली नसती. त्याचीही एक खोड आहे. कोणता संकलक वापरायचा हे ते पहिल्या वेळी ठरवते आणि नोंद करून ठेवते. नंतर आपण दुसरा सांगितला तरी ऐकत नाही. तेव्हा बांधणीचा फोल्डर पुसून नव्याने सुरुवात करावी. म्हणूनच तो फोल्डर मूळ फाइलींपासून वेगळा ठेवायचा. सीमेकच्या हाताखाली मेकऐवजी निंजा नावाचे वेगवान अवजारही चालते, पण फोरट्रानसाठी ते १.१० किंवा त्यापुढच्या आवृत्तीचे असावे. पायथनचे सायपाय हे ग्रंथालय २०२२ पासून मेसन नावाच्या अवजाराने बांधले जाते. खास फोरट्रानसाठी 'एफपीएम' हेही एक आहे, त्यात फाइली ठरलेल्या फोल्डरांत ठेवल्या की जवळजवळ काहीच लिहावे लागत नाही.

मग मुलांना थेट सीमेकच का शिकवू नये, असे आमच्या संगणक शिक्षिकेचे मत आहे, आणि ते त्यांनी आमच्यासमोर स्पष्ट मांडले. आमचे मत थोडे वेगळे पडते. चार ओळी हाताने लिहिल्याशिवाय चंद्राला स्थान लागते हे मुलांच्या मनात बसणार नाही. पहिले सत्र मेक, दुसऱ्या सत्रात सीमेक, असे सध्या ठरले आहे. त्यांचा आग्रह कायम आहे.

पुढील दिनदर्शिकेसाठी तपासणी एका दिवसावर न ठेवता बाराही संकष्ट्या पंचांगाशी ताडायच्या आहेत. ते काम नववीच्या मुलांना दिले आहे. ज्या पालकांचे नातेवाईक वडोदरा, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणी आहेत आणि तिथल्या वेळा हव्या आहेत, त्यांनी गावाचे अक्षांश-रेखांश चिठ्ठीवर लिहून द्यावेत. शनिवारी चार ते सहा प्रयोगशाळा उघडी असते. स्थान बदलून मेक चालवताना पडद्यावर सूर्य आणि चंद्र ही दोन्ही नावे आली का, हे पाहायला ती मुलगी स्वतः उभी राहते. आजींनाही बोलावले आहे. पंचांग घेऊन येते म्हणाल्या.